रेष एक घर खाली

"अगं सही कर, नाहीतर तुझ्या नावाची सही मीच ठोकते."

हे मी ओरडत होते, नसीम. महाप्याच्या त्या काचेच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, लिफ्टच्या समोर, भर दुपारी. माझा आवाज कळंबोलीच्या लोखंड बाजारापर्यंत गेला आणि तिथल्या ट्रकवाल्यांनी घाबरून हॅण्डब्रेक ओढले, असं मी नंतर दोघी-तिघींना सांगितलं. आज तू असतीस तर म्हणाली असतीस, "लिफ्टपर्यंत गेला, संघू. लिफ्टमनने वळून बघितलं. बस."

तू त्या दिवशी छातीशी फाइल धरून उभी होतीस. फाइलमध्ये करार होता, त्यावर आपल्या युनियनच्या पाच जणींच्या सह्या हव्या होत्या, त्यातल्या चार झाल्या होत्या आणि पाचवी तुझी राहिली होती. तू हळू आवाजात म्हणालीस, "रेष एक घर खाली येऊ दे. मग करते."

ती रेष आपल्या दोघींच्या मधून गेली होती. आपल्या छोट्या विमान कंपनीला मोठीनं गिळलं, त्याला कागदावर विलीनीकरण म्हणत होते. दोन कंपन्यांच्या केबिन क्रूच्या दोन याद्यांची एक यादी करायची होती, आधी लागली ती वर, नंतर लागली ती खाली. वरच्या दोनशे अकरा जणींचं इन-चार्ज हे पद राहणार. दोनशे बारापासून खाली सगळ्या पुन्हा ज्युनियर. सतरा वर्षांनी खांद्यावरची पट्टी उतरवायची आणि परवा लागलेल्या पोरींच्या बरोबरीनं ट्रॉली ढकलायची. दोनशे अकरा तू होतीस. दोनशे बारा मी.

आणि ओरडत मी होते, तू नव्हतीस, हेच अजून माझ्या डोक्यातून जात नाही. जिची पट्टी वाचली होती ती सही करायला तयार नव्हती, आणि जिची जाणार होती ती "कर, कर" म्हणून बोंबलत होती. कारण त्या कागदावर सह्या झाल्याशिवाय आपल्या साठ कंत्राटी मुली कायम होणार नव्हत्या. त्यांचं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं. रोज त्यांचे मेसेज यायचे, "दीदी, झालं का?" तुलाही येत होते. तू प्रत्येकीला उत्तर द्यायचीस. मी नुसता अंगठा पाठवायचे.

मग मी ते बोलले. लिहायला हात कचरतो, पण तुला माहीतच आहे, आणि तुझ्याशिवाय तिथं फक्त लिफ्टमन होता. मी म्हणाले, "तुला मोठेपणा हवाय. सतरा वर्षं एका नंबराने माझी सीनियर म्हणून मिरवलीस, आता माझ्यावर उपकार करून मिरवायचंय. मला नको तुझ्या मेहेरबानीची पट्टी."

तू म्हणालीस, "झालं बोलून?"

मी म्हणाले, "झालं."

तू पर्समधून माझा रिकामा डबा काढून दिलास, आदल्या दिवशी मी त्यात तुला मेथीची भाजी दिली होती. धुऊन, पुसून, आत दोन खजूर ठेवून. आणि लिफ्टनं खाली गेलीस. तो मंगळवार होता.

*

त्या एका नंबराची गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की खरी कोणती ते आता मलाच धड आठवत नाही. ते काम तुझं होतं.

माझी गोष्ट अशी : बेलापूरच्या हॉलमध्ये आपली भरती झाली, जॉइनिंगचे फॉर्म घ्यायची रांग थेट नेरूळपर्यंत गेली होती. मी सकाळपासून उभी. इतक्यात श्रीवर्धनहून आलेली एक पोरगी उन्हानं चक्कर येऊन माझ्या पायावर पडली. मी तिला उचललं, पाणी पाजलं, माझी जागा तिला दिली आणि त्यागाच्या त्या एका क्षणात माझा स्टाफ नंबर एकाने मागे गेला. सिंगापूरच्या लेओव्हरला, मुक्कामाच्या हॉटेलात, सांगताना मी ह्यात एक रुग्णवाहिकाही घातली होती.

"सात जणी होत्या रांगेत," तू शांतपणे म्हणायचीस. "मी मोजल्या होत्या. चक्कर नाय, काय नाय. माझी एस्टी होती संध्याकाळची. मी विचारलं, पुढे जाऊ का? तू म्हणालीस, जा. आणि पाणी तू माझ्याच बाटलीतलं प्यायलीस."

"गोष्टीत जरा मीठ नको का?"

"मीठ घाल गो. समुद्र नको घालू."

अशी तू माझी प्रत्येक थाप तिथल्या तिथे मापात आणायचीस, आणि मी पुढची आणखी मोठी ठोकायचे, कारण खाली तू आहेस हे मला माहीत असायचं. विमान सुटण्याआधी आपण आपापला दरवाजा लावतो आणि मग समोरच्या बाजूला जाऊन दुसरीचा तपासतो. सतरा वर्षं तू माझा दरवाजा तपासलास. आता मी काहीही सांगते आणि लोक मान डोलावतात. परवा मी म्हणाले, तुझ्या मातीला तीन हजार माणसं होती. एकीनंही "हॅट" म्हटलं नाही. नसीम, हे असं ऐकून घेणं फार भयंकर असतं.

*

पण ती रेष आली कुठून? ह्यावर आपण वर्षभर भांडलो. तू म्हणायचीस आपल्यामुळे आली. मी म्हणायचे, मुळीच नाही. आता भांडायला तू नाहीस, तर कबूल करते. आपल्यामुळेच आली. त्यातही जास्त माझ्यामुळे.

पहिली बैठक आठव. लांबलचक टेबल. पलीकडे कंपनीचे चौघं, मध्ये ते निळ्या टायवाले साहेब, ज्यांचं बोलणं एवढं मऊ की ऐकताना उशी घ्यावीशी वाटे. अलीकडे आपण पाच जणी. कोपऱ्यात चहाचा थर्मास, कप, पाण्याच्या बाटल्या. साहेब बसले, घसा खाकरला आणि आपण पाचही जणी एकदम उठलो. कोणी सांगितलं नव्हतं. दोघी पाण्याकडे, दोघी चहाकडे, आणि मी वाकून, डोळ्यांत डोळे घालून, साहेबांना विचारलं, "सर, साखर?" युनियनच्या इतिहासात एवढ्या प्रेमानं मालकाला कोणी चहा पाजला नसेल. तू तर त्यांच्या कपाचा कान उजव्या हाताकडे वळवून ठेवलास. नाकारू नकोस, मी पाहिलं.

मग ते बोलू लागले. इन-चार्जच्या जागांना मर्यादा असेल, एक रेष ओढावी लागेल, दोन्हीकडच्यांना थोडं सोसावं लागेल. आणि आपण ऐकत होतो. कशा? जशा दिल्लीच्या फ्लाइटमधल्या माणसाचं ऐकतो, जेवण गार आहे, सीट मागे जात नाही, तुमची कंपनी चोर आहे. मान किंचित तिरपी, ओठांवर हसू, मधेमधे "बरोबर आहे सर", "समजू शकतो सर". ह्याचा अर्थ काहीही नसतो. हे आपल्या अंगात भिनलंय, हाडात आहे. आतून आपण "मेल्या" म्हणत असतो.

आठ दिवसांनी बैठकीचं इतिवृत्त हातात आलं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की जागांची मर्यादा आणि रेष ह्यांस कर्मचारी प्रतिनिधींनी सहमती दर्शवली.

तू ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलंस. मी आरडाओरडा केला, टेबलावर हात आपटला, बांगडी फुटली. (बांगडी फुटली नाही. घातलीच नव्हती.) साहेब मऊपणे म्हणाले, "पण मॅडम, तुम्ही सगळ्या तर मान डोलावत होतात. तुम्ही तर 'बरोबर आहे सर' म्हणालात." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाले होते मी. तीन वेळा.

त्यानंतर रेष राहणार की नाही हा प्रश्नच संपला. ती कुठं ओढायची एवढंच उरलं.

बाहेर आल्यावर तू नियम घातलास. "पुढच्या वेळी कोणी उठायचं नाय. हसायचं नाय. हातावर बसायचं." विमान सुटताना आपण आपल्या घडीच्या खुर्चीवर पाठ ताठ करून, दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसतो, तसं. आणि खरंच, पुढची बैठक आपण पाच जणींनी दोन तास हातावर बसून काढली. साहेब पार गोंधळले. त्यांनी वकिलाला विचारलं हा निषेधाचा काही प्रकार आहे का. वकिलानं लिहून घेतलं. अर्ध्या तासात माझ्या हातांना मुंग्या आल्या, एका तासानं ते गळून पडले आणि शेवटी मी साहेबांना कोपरानं नमस्कार केला. ह्यातला नमस्कार तेवढा खोटा आहे. मुंग्या खऱ्या.

पण रेष आपण हलवू शकलो नाही. एवढं मात्र झालं की कंत्राटी मुलींचं कलम करारात आलं, ते तुझ्यामुळे. सात बैठका तू तेच एक वाक्य बोलत होतीस, आवाज न चढवता, "आणि त्या साठ मुली?" शेवटी साहेबच कंटाळले. मग त्यांनी अंतिम यादी काढली आणि रेष नेमकी आपल्या दोघींच्या मधून गेली. एकाच दिवशी, एकाच रांगेत, एकामागे एक उभ्या राहिलेल्या दोघी. तू म्हणालीस, जॉइनिंगची तारीख एक आहे, एकीला वर आणि एकीला खाली टाकता येणार नाही. साहेब म्हणाले, तारीख एक असेल तर स्टाफ नंबर बघतात. तू म्हणालीस, स्टाफ नंबर माझ्या एस्टीमुळे पुढे आहे. साहेबांना ते कळलं नाही. इतिवृत्तात आलं नाही. एकीसाठी रेष हलवली तर सगळेच मागतील, ते म्हणाले, आणि त्यात चूक काय होतं सांग?

मी तुला तेच सांगत होते, लिफ्टपाशी. फक्त ओरडून.

*

शुक्रवारी सकाळी करंजाड्याच्या घरी मी कपडे वाळत घालत होते. मुश्ताकभाईंचा फोन आला. तुझा नवरा मला कधी फोन करत नाही, म्हणून मी हसतच उचलला. म्हटलं तू बसवलं असशील फोनला, माझी समजूत काढायला. "काय भाईजान, बायकोला बोलायची लाज वाटते का?" हे माझे शब्द.

डोक्यातली एक नस. डॉक्टर एवढंच म्हणाले. स्वयंपाकघरात उभी होतीस म्हणे.

कळंबोलीला तुझ्या घरी पोचले तर बायकांनी खोली भरली होती. मी तुला पाहिलं. त्याबद्दल लिहीत नाही. त्यात घालायला माझ्याकडे मीठही नाही.

आणि मग मला कळायच्या आत मी उठले होते. स्वयंपाकघरात जाऊन पेले काढले, ट्रेमध्ये लावले आणि पाणी द्यायला लागले. दारापासून सुरुवात, म्हाताऱ्या आधी, वाकून, डोळ्यांत बघून. डोकी मोजली. एकेचाळीस. एकेचाळीस, नसीम, तीन हजार नाही. तुझ्या अम्मीपुढे ट्रे धरला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "बस गो संघू. तू पन बस."

बसले. कुठं ठेवावे कळेना म्हणून हात मांड्यांखाली घेतले. उतरत्या दुपारच्या, असरच्या नमाजाआधी पुरुष तुला घेऊन निघाले, बायका दारापर्यंत गेल्या, आणि मी तशीच बसून होते. हातांना मुंग्या आल्या होत्या. ह्या वेळी कोणाला सांगायला त्यात काही मजा नव्हती.

आठवड्यानं मुश्ताकभाईंनी फाइल दिली. "ही युनियनची आहे, बहेन. तुमच्याकडे असू द्या." यादीचं पान उघडलं. दोनशे अकराच्या खाली कंपनीची छापील रेष होती, आणि दोनशे बाराच्या खाली तू पेन्सिलीनं, पट्टी लावून, दुसरी ओढली होतीस. नीट, सरळ. बाजूला काही लिहिलेलं नव्हतं. मी ते पान चार वेळा उलटसुलट करून पाहिलं. माझ्यासाठी काही असेल, शिवी तरी असेल. मंगळवारच्या बोलण्यावर एखादा शब्द. नव्हता. तू रागावली होतीस की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. डब्यातले खजूर मी मंगळवारीच घरी जाताना रागात खाऊन टाकले होते, त्यामुळे त्यांनाही विचारता येत नाही.

*

आता पुढचं ऐक. हे तू मापात आणू शकणार नाहीस, कारण ह्यात मी काहीच वाढवलेलं नाही.

महिनाअखेर आली. वकील म्हणाला, पाचवी प्रतिनिधी हयात नसल्यामुळे चौघींच्या सह्या पुरतात. तू होतीस तोवर पाच लागत होत्या. करार नव्यानं छापला आणि मी पुन्हा सही केली. पेन चालत नव्हतं, साहेबांनी त्यांचं दिलं. साठ मुली कायम झाल्या. त्यांनी गटावर तुझा फोटो टाकला आणि खाली साठ वेळा थँक्यू लिहिलं. हे पोचवायचं होतं. खरंच साठ होते, मी मोजले.

आणि करारात एक ओळ होती, जी आपण दोघींनीही वाचली होती आणि दोघींनाही खटकली नव्हती. यादी सही होईल त्या दिवशीची धरली जाईल. त्या दिवशीच्या यादीत तू नव्हतीस. तुझ्या खालच्या सगळ्या एकेक नंबर वर सरकल्या.

मी दोनशे अकरा झाले, नसीम. रेष तिथंच राहिली. तू सरकलीस.

माझी पट्टी राहिली. मुली अभिनंदन करायला आल्या, अर्ध्या रस्त्यात त्यांच्या लक्षात आलं आणि त्या थांबल्या. एक म्हणाली, "दीदी, म्हणजे... चांगलंच झालं ना?" मी हसले, मान तिरपी केली. "हो गं," म्हटलं. हाडात आहे ते.

दोन रात्री झोपले नाही आणि मग महाप्याला गेले. त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एचआरमध्ये. तिथं याद्या बघणाऱ्या बाई बसतात, चष्मा साखळीला लावलेला, टेबलावर तुळशीचं छोटं रोप. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि स्वतः उठून पाण्याचा ग्लास आणून दिला. मला कोणी पाणी आणून दिलं ह्याला किती वर्षं झाली असतील. मी दोन्ही हातांनी घेतला.

मी त्यांना सगळं सांगितलं. बेलापूरचा हॉल, रांगेत सात जणी, संध्याकाळची एस्टी, "पुढे जाऊ का", "जा". बाटली तुझी होती हेसुद्धा सांगितलं. एक शब्द वाढवला नाही. तुला पटायचं नाही, पण पहिल्यांदा ती गोष्ट मी तुझ्यासारखी सांगितली, आणि ती दीड मिनिटात संपली.

मग म्हणाले, "दोनशे अकरा मोकळा ठेवा. तिथं नाव नको, काही नको. नुसता नंबर राहू द्या. मला खाली टाका, दोनशे बारावर. रेषेच्या खाली चालेल."

खरं सांगू? चाललं असतं का, मला माहीत नाही. त्या "बरं" म्हणाल्या असत्या तर घरी येऊन मी रडले असते की पट्टीसाठी परत धावत गेले असते, सांगता येत नाही. तुला सांगता आलं असतं. तू माझ्याकडे एकदा बघून सांगितलं असतंस.

बाईंनी चष्मा लावला. कॉम्प्युटरमध्ये तुझा नंबर टाकला, माझा टाकला, काहीतरी करून पाहिलं. परत करून पाहिलं. मनापासून करत होत्या, हे मला दिसत होतं. मग चष्मा काढून स्क्रीन माझ्याकडे वळवला.

"मधला नंबर रिकामा घेत नाही, मॅडम."